भंडारा कोणी लावायचा

चैत्र लागला की बुराई नदी वाळूखाली जाते. वर पात्रभर नुसती वाळू, आणि त्या वाळूत आंबळखेड्याच्या बायांनी हातांनी उकरलेले झिरे. झिरा म्हणजे कमरेएवढा खड्डा. तळाशी पाणी पाझरत राहतं, ते वाटीनं घागरीत भरायचं. प्रत्येक झिऱ्याला मालकीण असते. दुसरीनं त्यात वाटी घातली, की उन्हाळ्यात सुरू झालेलं भांडण पोळ्यापर्यंत पुरतं.

भिकुबाईचा झिरा काठालगत होता. ती गुडघ्यांवर बसून, वाकून, एकेक वाटी वर घेत होती. वीस वर्षं डोक्यावर घागरी वाहून तिच्या मानेत एक कळ कायमची बसली होती. मान डावीकडे वळवायची असेल तर ती सगळं अंगच वळवायची. शेजारच्या झिऱ्यावर कुंदाबाई होती. कुंदाबाईचा नवरा झुलाल, गावचा भगत. देवाला नदीचंच पाणी लागतं म्हणून ती नाल्यापलीकडून इथं यायची.

"अक्का," कुंदाबाई म्हणाली, "तुम्हना घरना सरपंच व्हई राह्यनात म्हने?"

"म्हनतस लोके."

"व्हवोत ना. मानूस चांगला शे. पन आखाजीले भंडारा कोन लावी?"

भिकुबाईनं वाटी भरली, घागरीत ओतली, पुन्हा खाली वाकली.

हा प्रश्न त्या उन्हाळ्यात गावात सगळ्यांच्या तोंडी होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आंबळखेड्यात खंडेरावाच्या बारागाड्या निघतात. बैल सोडून बारा गाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत माणसं कोंबून बसवायची, आणि दिवसभराचा उपाशी, हळदीनं माखलेला भगत पहिल्या गाडीचं जू कमरेशी बांधून ती सगळी रांग ओढत देवळापर्यंत नेतो. ओढायच्या आधी गावच्या पहिल्या माणसानं त्याच्या कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावायचा. तो लागल्याशिवाय भगत पाऊल उचलत नाही. आजवर हे काम पाटलाचं होतं. हिवाळ्यात पाटील वारला, त्याची मुलं धुळ्याला वकिली करतात, आणि नव्या कायद्याची ग्रामपंचायत एकोणसाठच्या त्याच उन्हाळ्यात गावाच्या दारात येऊन उभी राहिली. मग पारावर ठरलं की आता पहिला माणूस म्हणजे सरपंच. भंडारा त्यानं लावायचा.

इथवर ठीक होतं. अडचण अशी की सरपंचकीला सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता, भिकुबाईचा नवरा धनसिंग, आणि धनसिंगचं घर महानुभाव. आजोबांच्या वेळेपासून उपदेश घेतलेलं. एक परमेश्वर सोडून दुसऱ्या देवाला हात जोडायचा नाही, त्याचा प्रसाद खायचा नाही, नवस बोलायचा नाही. दारू नाही, मटण नाही, खोटी साक्ष नाही. बारागाड्यांना धनसिंगची गाडी दरवर्षी जायची, कारण ती गावातली सगळ्यात दणकट गाडी होती. गाडी जायची, मालक शेतात राहायचा. याचं कोणाला काही वाटत नव्हतं, त्या वर्षापर्यंत.

भिकुबाईला सरपंचकीचं कौतुक नव्हतं. तिला विहीर हवी होती. पंचायत आली की सरकार गावाला एक विहीर देणार होतं. ती नाल्याच्या अलीकडे खणायची की पलीकडे, एवढाच खरा सवाल होता. पलीकडे, पारावर पुढारपण करणाऱ्या तोतारामची गल्ली, पलीकडे देऊळ, जुनी गावविहीरही पलीकडेच. अलीकडच्या बायांनी नदी गाठायची. आपण सरपंच झालो तर विहीर अलीकडे आणू, असं धनसिंग म्हणाला होता, आणि बायांनी ते मनात पक्कं धरलं होतं.

बाकीच्या जागा गावानं बिनविरोध वाटून घेतल्या होत्या. एका जागेला दोन अर्ज होते, एक धनसिंगचा आणि एक झुलालचा. ती जागा जिंकेल त्यालाच पंचांनी सरपंच करायचं, असं ठरलं होतं. झुलालला तोतारामनं उभं केलं होतं. तोताराम स्वतः उभा राहिला नाही. आपल्याला कोणी मत देणार नाही, एवढी त्याला स्वतःची माहिती होती.

अर्जांची तपासणी शिंदखेड्याला होती. अव्वल कारकून घामेजलेल्या कॉलरखाली रुमाल खोचून बसले होते. त्यांनी धनसिंगचा अर्ज पाहिला, मान हलवली आणि विचारलं, "कोणाची हरकत?"

तोताराम पुढे झाला. कचेरीत तो शहरी बोलायचा.

"आहे साहेब. हा माणूस गावचा देव मानत नाही."

"म्हणजे नास्तिक आहे?"

"नाही साहेब. देव मानतो. रोज पहाटे उठून नाव घेतो. पण आमचा देव मानत नाही."

"वय बसतं?"

"बसतं."

"कधी सजा झाली आहे? पंचायतीचा काही ठेका घेतलाय? दिवाळं काढलंय?"

"छे छे. तसा माणूस चांगला आहे."

"मग हरकत कसली?"

"मग भंडारा कोण लावणार, साहेब?"

कारकुनांनी चष्मा काढला. कोणता भंडारा, असं विचारल्यावर तोतारामनं बारा गाड्या, भगत, हळद, पाटलाचं मरण सगळं सविस्तर सांगितलं. कारकुनांनी ते मन लावून ऐकलं. मध्ये एकदा, गाड्यांत किती माणसं बसतात, असंही विचारलं. मग चष्मा लावून ते म्हणाले, "कायद्यात भंडारा नाही. हरकत नामंजूर."

"कायद्यात नाही साहेब, पण गावात आहे."

"मग ते गावात मिटवा. पुढचा कोण?"

पुढचा झुलाल. त्यानं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला "हां साहेब" म्हटलं आणि अंगठा उठवला. परत येताना तोतारामची मोटार चुकली, म्हणून उमेदवार, दुसरा उमेदवार आणि हरकतदार असे तिघेही धनसिंगच्याच गाडीत बसून गावात आले. तोतारामनं वाटेत सगळ्यांना खारे दाणे दिले. मनात काही ठेवायचं नाही, असा त्याचा स्वभाव होता. जे करायचं ते तो उघड करायचा.

गावात मिटवायचं म्हणजे पारावर मिटवायचं. संध्याकाळी सुपडूनानानं धनसिंगला बोलावून घेतलं. सुपडूनाना गावातला सगळ्यात धल्ला, म्हणजे म्हातारा, माणूस. दात गेले होते, आवाज शाबूत होता.

"धना, बठ," नाना म्हणाला. "तू खोटं बोलत नही, कोनं खात नही, पेत नही. बठ्ठं मान्य शे. पन गावना पहिला मानूस देवना मव्हरे उभा राहना नही, तं तो पहिला कसा?"

"नाना, मी देवले वाईट म्हनत नही. मन्हा नेम शे."

"नेम शे तं ठेव ना घरमा. एक चिमूट हळद शे. लाई दे आनि घर जाय."

"मन्हा नावथीन दुसरा कोनी लावी."

"हात सरपंचनाच पाहिजे," तोताराम मागून म्हणाला, आणि बऱ्याच माना हलल्या.

"मंग इचार करू द्या," धनसिंग म्हणाला आणि उठला.

घरी त्याची आई, मंजुळाबाई, भिंतीला टेकून स्मरण करत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. म्हातारीचे ओठ थांबले.

"तुन्हा हात शे, धना. मन्हा नही," ती म्हणाली, आणि ओठ पुन्हा हलू लागले.

पुढचे दिवस नवरा-बायको शेतात पऱ्हाट्या उपटत होते. कापूस वेचून झाला की उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या लोखंडी चिमट्यात धरून मुळासकट ओढायच्या. जमीन तापून दगड झालेली. एकेका काडीला सगळं अंग मागे टाकावं लागायचं. धनसिंग ओढायचा, भिकुबाई मोळ्या बांधायची. दोघांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यांत माती जाऊन बसायची. दुपारी निंबाखाली भाकर खाताना धनसिंगनं काडी घेऊन मातीत आपलं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. त्याखाली एक रेघ ओढली. भिकुबाई पाहतेय हे लक्षात आल्यावर त्यानं ते तळव्यानं पुसलं.

"काय इचार करा?" तिनं विचारलं.

"मन्हाकडथीन व्हवाव नही ते. झुलालले व्हवू दे सरपंच."

तिला खूप बोलायचं होतं. मान दुखत होती ते बोलायचं होतं, वाळूत गुडघे भाजतात ते बोलायचं होतं, आणि चिमूटभर हळदीसाठी एवढं काय, हेही बोलायचं होतं. तिनंही लग्नानंतर उपदेश घेतला होता. पण तिच्या माहेरी खंडेराव होता, आणि हळदीची तिला भीती वाटायची नाही. तिनं मोळी आवळली आणि गाठ मारली.

दुसऱ्याच दिवशी नदीचा काठ चढताना तिचा पाय घसरला. वरची घागर गेली, खालची तिच्या कमरेवर आली, आणि ती काठावरून वाळूत गडगडत गेली. कुंदाबाईनं आणि इतर बायांनी तिला उचलून घरी आणलं. हाड मोडलं नव्हतं, पण कूस बदलता येत नव्हती. मंजुळाबाईनं वीट तापवून, फडक्यात गुंडाळून कंबर शेकली. शेकताना भिकुबाई ओरडली नाही, नुसती दात आवळून गोधडी मुठीत धरून पडली.

घरात पाण्याचा थेंब नव्हता. धनसिंगनं घागर घेतली आणि नदीवर गेला. आंबळखेड्यात पुरुष पाणी भरत नाही. आजारी बायकोचं पाणीही शेजारीण भरते. झिऱ्यावरच्या बायांनी पदर तोंडात धरला. एकीनं त्याच्या हातातली वाटी घेऊन, "द्या भाऊ, मी भरस," म्हटलं, पण त्यानं दिली नाही. घागर खांद्यावर घेऊन तो पारावरून आला तेव्हा तोताराम बसलेलाच होता.

"पाहा हो! सरपंच पानी भरी राह्यनात!" तो म्हणाला. सगळे हसले. सुपडूनानाही हसला.

धनसिंगनं घागर घरात ठेवली. खांद्यावर ओला डाग तसाच होता. तो तसाच उलट्या पावली पारावर गेला आणि उभ्यानंच म्हणाला, "नाना, आखाजीले भंडारा मी लावसू."

मग सुपडूनाना म्हणाला, "आते व्हयना तू सरपंच." आणि लोकांनी त्याला बसवून घेतलं, तंबाखू पुढे केली. तो खात नाही, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

भिकुबाईला हे शेजारणीकडून कळलं. ती पडल्या पडल्या रडली. आपल्यासाठी त्यानं केलं, असं तिला वाटलं, आणि आधी तिला बरं वाटलं. विहीर येणार होती.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. धनसिंग पहाटे उठून अंगणात बसून स्मरण करायचा. आवाज मोठा नसायचा, पण वीस वर्षं भिकुबाई त्याच आवाजानं जागी होत होती. पारावरून आला त्याच्या दुसऱ्या पहाटे ती जागी झाली ती कोंबड्यानं. धनसिंग अंगणात बसला होता. तोंड मिटलेलं. दुसऱ्या दिवशी तसाच, तिसऱ्या दिवशी तसाच. जेवायला तो आईच्या पंक्तीला बसेनासा झाला. भाकर घेऊन गोठ्यात जायचा. म्हातारी त्याला काही बोलली नाही. उलट तिनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जास्तच घातला, आणि तेच जास्त वाईट होतं.

"तोंड काबं उघडत नही तुम्ही?" भिकुबाईनं एकदा विचारलं.

"काय तोंडघाई नाव लेऊ?" तो म्हणाला. "आखाजी व्हवू दे. मंग पाहूत."

पण आखाजीनंतर काय होणार होतं? दरवर्षी आखाजी येणार होती. पाच वर्षं सरपंचकी. पाच वर्षं हा माणूस पहाटे तोंड मिटून अंगणात बसणार, आणि आपण त्याच्या विहिरीचं पाणी पिणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला कंबरेपेक्षा ते जास्त दुखलं.

चालता यायला लागलं तशी ती काठी टेकत नाला ओलांडून झुलालच्या घरी गेली. झुलाल दारात गाडीच्या आखाला ओंगण घालत होता. हात कोपरापर्यंत काळे. कुंदाबाईनं तिला बसायला पाट दिला.

"झुलाल भाऊ, तुमले सरपंच व्हवानं शे का?" तिनं सरळ विचारलं.

"माले काय करनं?" झुलाल म्हणाला. "तोताराम भाऊ म्हने अंगठा लाव. मी लाई दिधा. आते तं धनसिंग भाऊ भंडारा लावी राह्यनात. त्याच निवडी येतीन."

"नही येवाले पाहिजेत."

झुलालचा हात आखावरच राहिला. कुंदाबाई दारातून पुढे आली.

"अक्का, घरमा भांडण व्हयनं का?"

"भांडण नही. त्यासले भंडारा लावू देवाना नही माले." तिनं पदरानं मान पुसली. "नाल्याअलीकडन्या बाया तुमले मत देतीन. मी सांगस त्यासले. पन इहीर आम्हना कडे व्हवाले पाहिजे."

"तोताराम भाऊ चिडी."

"चिडू द्या. सरपंच तुम्ही का तो?"

झुलालनं बराच वेळ विचार केला. विचार करणं त्याच्या अंगवळणी नव्हतं. कपाळावर घाम आला. शेवटी म्हणाला, "बरं. देस इहीर."

"नुसतं तोंडनं नको. बेलभंडारा उचला."

बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द आंबळखेड्यात कोणी मोडत नाही, आणि भगत तर मोडूच शकत नाही. मोडला तर गाड्या जागच्या हलणार नाहीत, असं झुलालला अगदी मनापासून वाटत होतं. भिकुबाईला तसं वाटत नव्हतं. पण झुलालला वाटतं, हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं. झुलाल हात धुऊन देवळात गेला. भिकुबाई पायरीच्या खाली, उन्हात, काठीवर भार टाकून उभी राहिली. आत गेली नाही, हात जोडले नाहीत. झुलालनं ओंजळीत बेल घेतला, त्यावर हळद टाकली, आणि तिला ऐकू येईल असं मोठ्यानं म्हणाला, "मी सरपंच व्हयनू तं इहीर नाल्याअलीकडे." कुंदाबाई साक्षीला होती.

त्यानंतर झिऱ्याझिऱ्यावर गोष्ट पोचली. भिकुबाईनं बायांना एवढंच सांगितलं, की विहिरीचा शब्द झुलालनं बेलभंडारा उचलून दिलाय, माझ्या घरच्यानं नुसता तोंडानं दिलाय. हे खरंही होतं. एका म्हातारीनं विचारलं, "नवराले पाडी राह्यनी व तू?" भिकुबाई म्हणाली, "हां जीजी." म्हातारीनं तिच्याकडे बघितलं आणि आपली घागर उचलली.

मतदान शाळेत झालं. दोन पेट्या होत्या, धनसिंगच्या पेटीवर छत्री, झुलालच्या पेटीवर कंदील. पडद्याआड गेल्यावर भिकुबाईचा हात छत्रीच्या पेटीवर गेला. वीस वर्षांच्या संसाराची सवय होती ती. मग तिनं हात उचलला आणि चिठ्ठी कंदिलात टाकली. बाहेर धनसिंग धुतलेलं धोतर नेसून, कडक टोपी घालून उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता. तिला पाहून त्यानं मान हलवली, कशी आहे कंबर, अशी. ती त्याच्याकडे न बघता घरी गेली.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. झुलाल निवडून आला, आणि चांगला आला. सगळ्यात जास्त चकित झुलालच झाला. त्याच्या खालोखाल चकित झाला तोताराम.

धनसिंग घरी आला. टोपी खुंटीला लावली, बैलांना पाणी दाखवलं.

"आपलीच गल्लीनी पाडं माले," तो आईला म्हणाला. "पलीकडन्या लोकेसनी दिधात मत. आपला लोकेसनी नही."

भिकुबाई चुलीपुढे भाकर थापत होती. भाकर तिच्या हातात फाटली, तिनं पुन्हा गोळा केला.

पहाटे मात्र ती त्याच्या आवाजानं जागी झाली. अंगणात स्मरण चाललं होतं. पहिले शब्द घोगरे आले, मग नीट येऊ लागले. भिकुबाई गोधडीत पडून ऐकत राहिली. तिला वाटलं, झालं ते बरं झालं. खूप बरं झालं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धनसिंगची गाडी नेहमीप्रमाणे गेली. पण या वर्षी मालक शेतात राहिला असता तर लोक म्हणाले असते, पडला म्हणून रुसला. म्हणून तो गाडीबरोबर आला आणि सोडलेले बैल धरून लोकांच्या मागे उभा राहिला. भिकुबाई बैलांना कडबा घेऊन आली होती. ऊन कलतीला लागलं होतं. बाराही गाड्या मागची पुढचीला बांधून तयार होत्या. माणसं गाड्यांत दाटीनं बसली होती, पोरं चाकांवर चढत होती. झुलाल हळदीनं पिवळाधमक, उघडा, सकाळपासून पाण्याचा घोटही न घेतलेला, पहिल्या गाडीपुढे उभा होता. सुपडूनानानं भंडाऱ्याचं ताट उचललं आणि आवाज दिला.

"चला! सरपंचले बलावा!"

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं.

"नाना," कोणीतरी म्हणालं, "सरपंच तं हाऊच शे!"

सुपडूनानाचं तोंड उघडं राहिलं. महिनाभर गाव सरपंचानं भगताला भंडारा कसा लावायचा यावर भांडलं, महिनाभर भगत सरपंचकीला उभा होता, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आधी हशा झाला, मग हसणारे घाबरले. भगताला गावचा हात लागल्याशिवाय गाड्या कशा निघणार? ऊन उतरत होतं, गाड्यांतल्या बाया कुजबुजू लागल्या. तोताराम पुढे होऊन म्हणाला, "मी लावस." नानानं विचारलं, "तू कोन?" तोताराम मागे झाला.

मग झुलाल बोलला. उपासानं त्याचा आवाज बारीक झाला होता.

"नाना, आज मन्हा तोंडमा खोटं येवाले नही पाहिजे. माले सरपंच कोनी करं? धनसिंग भाऊनी बाईनी करं. तिनी बायासले सांगं, म्हनीसन मी निवडी उनू. गावना पहिला मानूस म्हनशात तं तीच शे. तिले सांगा."

सगळं गाव वळलं. भिकुबाईच्या हातात कडब्याची पेंढी होती. तिला अंग वळवून नवऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"माले भंडारा चालत नही, झुलाल भाऊ," ती म्हणाली. "तुमले माहीत शे."

"या घरले देवना हात नको," सुपडूनाना कपाळावर हात मारून म्हणाला, "आनि गावनं या घरबिगर चालत नही! करू तं काय करू?"

"बायकोनं पाडं रे!" तोताराम मोठ्यानं म्हणाला, आणि बारा गाड्यांमधून हसू उठलं. धनसिंगच्या मानेच्या शिरा फुगल्या. तो बैल सोडून पुढे आला. भिकुबाईला वाटलं, आता सगळ्यांदेखत हात उचलणार. तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला आणि सुपडूनानाला म्हणाला, "नाना, तिले आग्रह करू नका. नेम शे तिना."

झुलालनं दोघांकडे पाहिलं. मग नानाच्या हातातल्या ताटात स्वतःची बोटं बुडवली आणि स्वतःच्या कपाळाला भंडारा लावला. सगळे बघत राहिले. काही झालं नाही. "येळकोट येळकोट!" झुलाल ओरडला, जू कमरेशी घेतलं, आणि पुढे वाकला. चाकं कुरकुरली, बाराच्या बारा गाड्या हलल्या, आणि धुळीत देवळाकडे निघाल्या. लोक त्यांच्या मागे धावले.

माळावर हे दोघे आणि बैल उरले.

धनसिंगनं बैल हाकले. नाल्याच्या कडेला बैल पाचोळा हुंगायला थांबले, तसा तोही थांबला.

"तूच पाडं माले?"

"हां."

"इहीरसाठे?"

"इहीर तं तुम्ही बी आनतात. तुम्हनासाठे पाडं. सकायले तुम्ही तोंड उघडत नव्हतात. मन्हा पाठसाठे तुम्ही नेम मोडी राह्यना व्हतात. माले ते पाहवत नव्हतं."

धनसिंग दगडावर बसला. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"भिकू, तुन्हा पाठसाठे नही," तो म्हणाला. "माले सरपंच व्हवानं व्हतं. पहिलापासून व्हवानं व्हतं. तू पडनी, आनि माले कारन मियनं. बस."

आणि तो रडू लागला. मोठा, खांदे रुंद असलेला माणूस, तोंडावर टोपी धरून रडत होता. भिकुबाईनं त्याला बाप गेला तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला आधी राग आला. कंबरेवर वीट शेकताना आपण दात आवळून पडलो होतो, आणि याला त्यात कारण सापडलं! मग राग गेला, आणि तिला फार वाईट वाटलं, कारण याची एवढी मोठी हौस आपण चिठ्ठी टाकून मोडली आणि तेव्हा आपल्याला ती ठाऊकही नव्हती. ती त्याच्याशेजारी बसली, कंबर सांभाळत, हळूहळू. देवळाकडे हलगी वाजत होती.

शेवटी त्यानं नाक पुसलं.

"पाच वरीसनी परत उभा राहसू मी," तो म्हणाला.

"राह्या."

"तव्हय मत देशी का माले?"

"भंडारा लावशात का?"

त्यानं विचार केला. खरंच विचार केला, ते तिला दिसलं.

"नही," तो म्हणाला.

"मंग देसू."